पुन्हा तोच पिक्चर?

सदर : तंबूतला पडदा



आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये या खेपेस एक चिठ्ठी वेगळीच निघाली. अक्षरे हिब्रू, पण वाचायला लागलो तर भाषा मराठी! सातवीतल्या एका मुलीने ती लिहिली आहे. तिचा प्रश्न असा : "कल्ट पिक्चर म्हणजे काय? आमचे आजोबा एकच पिक्चर पुन्हा पुन्हा बघतात आणि दर वेळी हसतात. आई म्हणते, पुन्हा तोच पिक्चर? तर तो पिक्चर कल्ट आहे का?"

प्रश्न छोटा आहे, पण उत्तर एका ओळीत मावणारे नाही. म्हणून आजचे अख्खे सदर या मुलीसाठी. आजी-आजोबांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि बालवाचकांनी अडेल तिथे बेलाशक थांबवून विचारावे.

आधी शब्दाची फोड

'कल्ट' हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिनमधून, आणि त्याचा जुना अर्थ पूजा, उपासना. हिब्रूत अशा पिक्चरला 'सेरेत पुलखान' म्हणतात. पुलखान म्हणजे पूजाविधीच. मराठीत अजून धड शब्द रुळलेला नाही, वर्तमानपत्रेही 'कल्ट'च छापतात. 'भक्तांचा पिक्चर' म्हणावे तर पौराणिक चित्रपट वाटायचा! तेव्हा आपणही कल्टच म्हणू.

मात्र मूळ अर्थ विसरायचा नाही. पूजा एकदा करून भागत नाही. ती ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने, पुन्हा पुन्हा करायची असते आणि चार माणसे जमवून करायची असते. कल्ट पिक्चरचे तसेच आहे. गोष्ट पाठ, शेवट पाठ, कोण कुठल्या दारातून येणार तेही पाठ, तरी माणसे जमतात.

आपल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. बेने इस्राएल समाजात १८८० च्या सुमारास मराठी कीर्तने सुरू झाली. योसेफाला भाऊ विकणार हे श्रोत्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचे. म्हणून काय कोणी कीर्तन सोडून घरी गेले? पुढे काय होणार हे माहीत असणे हाच अर्धा आनंद.

कल्ट काय नव्हे?

आधी कचरा पाखडून टाकू, मग दाणे हाती येतील.

पहिली गोष्ट, गाजलेला पिक्चर म्हणजे कल्ट नव्हे. दर वर्षी दोन-चार पिक्चर धो धो चालतात. पुढच्या वर्षी त्यांचे नाव आठवायला डोके खाजवावे लागते. दुसरी गोष्ट, उत्तम पिक्चर म्हणजेही कल्ट नव्हे. १९६० चा 'मुघल-ए-आझम' भव्य आहे, सुंदर आहे. आपण तो मान वर करून बघतो, जसा राजवाडा बघतात. राजवाड्यात कोणी मांडी ठोकून बसत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना आमचा जीव थोडा कासावीस होतो. आपल्या आवडीचा जुना पिक्चर म्हणजेही कल्ट नव्हे. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवा. आपले डेव्हिड अब्राहम चेउलकर! त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले, १९६९ साली पद्मश्री मिळाली, फिल्मफेअरचे समारंभ त्यांच्या सूत्रसंचालनाने रंगायचे. पडद्यावर ते आले की आजी अजून म्हणते, "हा आपला माणूस हो!" हे प्रेम आहे, अभिमान आहे, आठवण आहे. पण नातवंडे खेळताना जॉनचाचासारखे बोलतात का? नाही. आजीची आठवण आजीपाशी राहिली, पुढे गेली नाही. आवडते आणि कल्ट यांत फरक आहे तो इथे. आठवण ज्याची त्याच्यापाशी असते. कल्ट एकाकडून दुसऱ्याकडे लागतो, कांजण्या लागाव्या तसा.

आणि 'शोले'? १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, सुरुवातीला मंडळींनी तो पडला असेच धरले होते, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या. गाण्यांच्या नव्हे, संवादांच्या! दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण शोले गाजलेल्यांच्या पंगतीतही जेवला आणि कल्टच्या पंगतीतही. असे क्वचित होते.

मध्यरात्रीचे खेळ

ही कल्पना रूढ झाली ती न्यूयॉर्कमध्ये. १९७० च्या डिसेंबरात तिथल्या एल्गिन नावाच्या थिएटरने 'एल टोपो' हा एक विचित्र पिक्चर मध्यरात्रीच्या खेळाला लावला. जाहिरात जवळजवळ नव्हती. एकाने बघितला, दुसऱ्याला सांगितले, दुसरा तिसऱ्याला घेऊन आला, आणि महिनोन्‌महिने मध्यरात्री गर्दी होत राहिली.

मग १९७५ साली 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' आला आणि पडला. अगदी आपटला. पण १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवू लागले, तेव्हा एक गंमत झाली. लोक पडद्याला उलट उत्तरे द्यायला लागले. पात्राने एक वाक्य म्हटले की प्रेक्षकांतून दुसरे. पडद्यावर लग्न लागले की प्रेक्षक खुर्चीतून तांदूळ उधळायचे. पात्रांसारखे कपडे घालून यायचे. २०२५ साली त्या पिक्चरला पन्नास वर्षे झाली, आणि त्याचे असे खेळ अजून होतात.

बालवाचकहो, हे कुठेतरी बघितल्यासारखे वाटते ना? पुरिमला आपण काय करतो? वेष बदलून जातो, एस्तेरची गोष्ट दर वर्षी तीच ऐकतो, आणि हामानचे नाव आले की खुळखुळे वाजवून नुसता हलकल्लोळ! न्यूयॉर्ककरांना मध्यरात्री जे सुचले ते तुम्ही बालवाडीपासून करता आहात.

अमेरिकेचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण त्यात आपला शाब्बात आहे. १९९८ साली कोएन बंधूंचा 'द बिग लेबोव्स्की' आला. तिकीटखिडकीवर बेताचाच चालला. पुढे २००२ पासून लुईव्हिल शहरात त्याच्या भक्तांचा मेळा भरू लागला. या पिक्चरमध्ये वॉल्टर नावाचा एक तापट गडी आहे. जन्माने पोलिश कॅथलिक, लग्नापायी यहुदी झालेला. बायकोशी काडीमोड होऊन वर्षे लोटली, पण गड्याने शाब्बात सोडला नाही. शनिवारी बोलिंगचा सामना ठेवला म्हणून तो आकाशपाताळ एक करतो. (मुलांनो, हा पिक्चर मोठे झाल्यावर बघा. वॉल्टरचा शाब्बात चांगला आहे, तोंड चांगले नाही.)

वाट मिळाली पाहिजे

कल्ट होण्याला नशीबही लागते. पिक्चर पडला की डबे गोदामात जातात. तिथून तो लोकांपर्यंत पुन्हा यायला काहीतरी वाट हवी.

१९४६ च्या 'इट्‌स अ वंडरफुल लाइफ'चे बघा. त्याने खर्चही धड भरून काढला नाही. १९७४ साली कोणीतरी त्याचे कॉपीराइट नवे करायचे विसरले. झाले! टीव्हीवाल्यांना फुकटात पिक्चर मिळाला. नाताळच्या दिवसांत जो तो चॅनेल तोच लावू लागला आणि बघता बघता अमेरिकेतल्या घराघरांत त्याच्याशिवाय नाताळ होईना. एका कारकुनी चुकीने पिक्चर तरला. हिंदीत १९९४ च्या 'अंदाज अपना अपना'ला अशीच टीव्हीने वाट दिली. थिएटरात तो चालला नाही, पण केबलवर बघून बघून एक पिढी त्याच्या संवादांवर वाढली, आणि २०२५ साली तो पुन्हा थिएटरात लागला.

आमची तिकडून इकडे आलेल्यांची वाट म्हणजे व्हिडिओ कॅसेट. मुंबईहून कोणी येणार असले की फर्माइश ठरलेली असायची : पापड, बोंबील, कोकम आणि दोन कॅसेटी. एका कॅसेटीवर तीन घरे जगायची. घासून घासून चित्र पांढरे पडायचे, आवाज घोगरा व्हायचा, तरी बघायचो. दुसरी कॅसेट नव्हतीच, तर करणार काय! पण लक्षात घ्या, नाइलाजाने दहा वेळा बघितलेले सगळेच पिक्चर मनात राहिले नाहीत. त्यातले दोन-तीन राहिले. का राहिले, तेच आता पाहू.

सात लाखांचा पिक्चर

१९८३ चा 'जाने भी दो यारो' घ्या. दिग्दर्शक कुंदन शाह, त्यांचा हा पहिला पिक्चर. पैसा सरकारी चित्रपट महामंडळाचा, तोही सारा मिळून सात लाखांच्या आसपास. तेव्हाच्या मोठ्या पिक्चरमध्ये एका हीरोलाच याहून जास्त पैसे पडत असतील.

विनोद आणि सुधीर या दोन भोळ्या दोस्तांनी मुंबईत फोटो स्टुडिओ काढला आहे. गिऱ्हाईक येत नाही. 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाची संपादिका त्यांना बिल्डरांची लफडी टिपायच्या कामाला लावते. ही संपादिका म्हणजे आपल्या भक्ती बर्वे, रंगभूमीवरची 'ती फुलराणी'. बागेत काढलेला एक फोटो मोठा करून बघतात तर त्यात खून! खून झालेला माणूस महापालिकेचा कमिशनर डिमेलो. मग ते प्रेत शोधायचे, लपवायचे, पळवायचे. एका दृश्यात दारू प्यालेला बिल्डर अहुजा रस्त्यात पडलेल्या शवपेटीला नादुरुस्त मोटार समजतो आणि आतल्या मयताशी मोठ्या आपुलकीने बोलतो. ओम पुरींनी ते असे केले आहे की पोट धरून हसावे.

आणि शेवटी ते महाभारत! पळता पळता सगळे एका नाटकाच्या रंगमंचावर शिरतात. तिथे द्रौपदीवस्त्रहरण चालू आहे, आणि द्रौपदीच्या जागी साडी नेसवलेले प्रेत. जो तो द्रौपदी आपली म्हणून ओढतो आहे, मधेच मोगल दरबारही घुसतो, आणि आंधळा धृतराष्ट्र बिचारा 'काय चालले आहे' म्हणून विचारत राहतो. आमच्या ओळखीच्या घरांत आजही जेवणाच्या टेबलावर चारजण एकदम बोलायला लागले की कोणीतरी धृतराष्ट्र होतोच.

पण हसता हसता शेवट येतो. पूल पडलेला आहे, माणसे मेली आहेत, आणि गुन्हेगार आपसात मिटवून मोकळे होतात. तुरुंगात जातात ते दोघे निरपराध फोटोग्राफर. कैद्यांचे कपडे घालून मुंबईच्या रस्त्यातून चालत येतात, आपल्याकडे बघतात आणि गळ्यावरून बोट फिरवतात. दर वेळी हसत बसलेली मंडळी दर वेळी इथे गप्प होतात.

दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले, पण तिकीटखिडकीवर फार काही झाले नाही. मग दूरदर्शनवर लागला, पुन्हा लागला, कॅसेटी निघाल्या, आणि हळूहळू माणसे एकमेकांना ओळखू लागली. तू बघितलास? मीही! २०१२ साली नवी स्वच्छ प्रत काढून तो परत थिएटरात आणला. भक्ती बर्वे २००१ साली गेल्या, रवी बासवानी २०१० साली, ओम पुरी आणि कुंदन शाह २०१७ साली, आणि ज्यांनी ते प्रेत केले ते सतीश शाह २०२५ च्या ऑक्टोबरात. पिक्चर मात्र अजून चाकांच्या शवपेटीसारखा पुढे पुढे धावतोच आहे.

टेकडी उत्तर देत नाही

आता इथल्या घरचा आहेर. ज्यांनी मिलुइम केले त्यांना 'गिवआत हाल्फोन एइना ओना' सांगायला नको. नावाचा अर्थ, हाल्फोन टेकडी उत्तर देत नाही; म्हणजे वायरलेसवर हाका मारतोय, पण पलीकडे कोणी ऐकायलाच तयार नाही. १९७६ चा हा पिक्चर अस्सी दायान यांचा, आणि त्यात 'हागशाश हाहिवेर'चे तिघे : पोली, शायके आणि गव्री. सिनायच्या वाळवंटात राखीव सैनिकांची एक गबाळी तुकडी पडलेली. एक कर्जबुडव्या तिथे मिलुइमला पळून येतो, आणि ज्याचे पैसे बुडाले तो गृहस्थ वसुलीसाठी थेट वाळवंटात त्याच्या मागे येतो!

समीक्षकांनी नाके मुरडली. १९७३ च्या युद्धाला अवघी तीन वर्षे झालेली, घराघरांत जखमा ओल्या, आणि हे सैन्याची टिंगल करतात? पण लोकांना ती टिंगल औषधासारखी लागू पडली असावी. ज्यांनी वाळवंटात डबाबंद जेवण खाल्ले होते त्यांना ती तुकडी आपली वाटली. पुढची कितीतरी वर्षे घरोघर टीव्हीवर जवळजवळ एकच चॅनेल असायचे, त्यामुळे बघायचे तर सगळ्यांनी तेच. योम हाआत्स्माउतला मंगलाच्या धुरासोबत हा पिक्चरही अनेक घरांत ठरलेला. सिनाय १९८२ साली इजिप्तला परत गेला. ते वाळवंट आपले राहिले नाही, पण तिथली ती खोटी टेकडी राहिली.

आणि राहिली ती भाषेत. गशाशच्या बोलण्याला हिब्रूत 'गशाशित' असे नावच पडले. त्या तिघांना २००० साली इस्राएल पारितोषिक दिले गेले. वाक्ये मोडून-तोडून, उच्चार वाकवून, सगळ्या देशांतून आलेल्यांच्या हिब्रूची खिचडी करून ते बोलले, आणि देश त्यांच्यासारखे बोलू लागला.

तसाच १९७२ चा उरी झोहर यांचा 'मेत्सित्सिम'. तेल अवीवच्या किनाऱ्यावर वेळ घालवणाऱ्या दोन रिकामटेकड्यांची गोष्ट. झोहर स्वतः त्यात होते आणि आरिक आइनश्टाइनही. लागला तेव्हा चालला नाही. आज मात्र तेल अवीवच्या त्या किनाऱ्याचेच नाव मेत्सित्सिम आहे! पडलेल्या पिक्चरचे नाव समुद्रकिनाऱ्याला मिळावे याहून मोठे पारितोषिक कोणते? झोहर पुढे राब्बी झाले, सिनेमा सोडून गेले, २०२२ साली वारले. पण पिक्चर काही त्यांचा राहिला नव्हता, तो बघणाऱ्यांचा झाला होता.

आणि आपला मराठी?

चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. 'अशी ही बनवाबनवी'! १९८८ साल, दिग्दर्शक सचिन, संवाद वसंत सबनीस यांचे. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा मिळेना. मालकीणबाई लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार. मग दोघे बायका होतात आणि पुढे सगळा गोंधळ. अशोक सराफांचा धनंजय माने आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती यांच्याबद्दल आम्ही नव्याने काय सांगावे?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. हे कथानक नवे नव्हते. १९६६ साली हृषीकेश मुखर्जी यांनी 'बीवी और मकान' नावाचा हिंदी पिक्चर केला होता, त्यावरूनच हा बेतला. मूळ पिक्चर आज किती जणांना ठाऊक आहे? दिग्दर्शक मोठे, गोष्ट तीच, गोंधळ तोच. मग एक विसरला गेला आणि दुसरा घरोघरी पाठ, असे का? आमच्या मते फरक बोलण्याचा. सबनिसांनी चाळीतले, वाड्यातले, घरमालक-भाडेकरूंमधले मराठी तसेच्या तसे उचलले. ती वाक्ये पिक्चरमधून सुटी काढता येतात आणि आपल्या घरात वापरता येतात. धनंजय मान्यांचा पत्ता विचारल्याशिवाय कित्येक मराठी घरांचे दार उघडत नाही.

आणि आपल्याला तर या पिक्चरवर जास्तच हक्क आहे. आठवले का? इस्राएलमध्ये मधुमेहावर औषध मिळते अशी माने थाप मारतात आणि त्यापायी घरमालकाचे सत्तर रुपये बुडतात! १९८८ साली भारत आणि इस्राएल यांच्यात पुरते राजनैतिक संबंधही नव्हते, ते झाले १९९२ च्या जानेवारीत. तेव्हाच्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला इस्राएल म्हणजे इतके लांबचे, की तिथे काहीही मिळत असेल! पण इथे राहणाऱ्या आपल्यांचे काय? तिकडे सगळा महाराष्ट्र त्या औषधावर हसत होता, आणि इथे आपले आजोबा कुपात खोलिमच्या फार्मसीत मधुमेहाच्या गोळ्यांसाठी नंबर लावून उभे होते. दोन्हीकडचे हसू एकच, पण आपल्या हसण्यात एक खडा जास्त आहे. तिकडच्यांसाठी जे 'लांबचे' होते तो आपला पत्ता होता. आजही तिकडून नातेवाईकांचा फोन आला की सत्तर रुपयांचा विषय निघतोच. भाऊ-बहिणींमध्ये चाळीस वर्षांचे अंतर पडले आहे, एकमेकांची मुले ओळखीची नाहीत, बोलायला विषय पुरत नाहीत. पण सत्तर रुपये म्हटले की दोन्ही टोके एकदम हसतात आणि मग पुढचे बोलणे सोपे जाते.

तर मग खरा कल्ट कोणता?

न्यूयॉर्कपासून पुण्यापर्यंत फिरून आम्हाला जे समजले ते थोडक्यात असे.

एक, तो ठरवून करता येत नाही. हल्ली पिक्चर लागायच्या आधीच जाहिरातीत 'कल्ट' छापतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जुन्या पिक्चरचे नाव घेऊन दुसरा-तिसरा भाग काढतात, तीही बहुधा शिळ्या कढीला ऊत. कुंदन शाह काय, दायान काय, कोणी कल्ट करायला बसले नव्हते. ते आपले काम करत होते. पदवी देणारे आपण.

दोन, त्याला न हसणारी माणसेही असावी लागतात. "यात बघण्यासारखे आहे काय?" असे म्हणणारा कोणी नसेल तर 'आपले' माणूस ओळखायचे कसे? सगळ्यांनाच आवडतो त्याला गाजलेला म्हणतात.

तीन, त्यात एक खरे दुखणे असते. जागा मिळत नाही हे दुखणे. पूल पडतो आणि सुटतो तो बिल्डर, हे दुखणे. युद्ध संपले, पण मिलुइम संपत नाही, हे दुखणे. वरून गंमत, आत ठणका. नुसती गंमत एकदा बघून पुरते. ठणका असेल तर माणूस परत येतो.

चार, आणि हेच आमच्या मते सगळ्यांत मोठे : तो बघणाऱ्यांना एक बोली देतो. दोन अनोळखी माणसे, एकाने अर्धे वाक्य टाकले, दुसऱ्याने उरलेले पुरे केले, की नाते जुळले. पिक्चर गेला तरी बोली राहते. ज्या पिक्चरची बोली झाली तो खरा कल्ट. बाकीचे सगळे नुसते जुने पिक्चर.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला उत्तर. बेटा, तुझे आजोबा कुठला पिक्चर बघतात ते तू लिहिले नाहीस. पण तो कल्ट आहे की नाही हे आजोबांवरून ठरत नाही, ते तुझ्यावरून ठरते. त्यांनी अर्धे वाक्य म्हटले आणि उरलेले तू पुरे केलेस, तर आहे. नाही केलेस, तर ती आजोबांची एकट्याची आठवण आहे, आणि ती त्यांच्याबरोबर जाईल.

मोठ्यांनाही आमचे दोन शब्द. आपल्या घरांत मराठी कुठवर आली आहे ते आपण जाणतोच. आपण मराठीत विचारतो, मुले हिब्रूत उत्तर देतात, नातवंडांना प्रश्नही हिब्रूतच लागतो. व्याकरणाची पुस्तके आणली, वर्ग काढले, त्यांचे काय झाले तेही जाणतो. पण गमतीचे वाक्य पोर एकदा ऐकते आणि हेल काढून बरोब्बर म्हणते, न शिकवता! भाषेचे सगळे घर सांभाळता आले नाही तरी निदान एक खिडकी उघडी राहील. तेव्हा आई "पुन्हा तोच पिक्चर?" म्हणाली तर म्हणू द्या.

फक्त एक पथ्य पाळा. पिक्चर चालू असताना समजावून सांगू नका. "हे कसे आहे माहितीये का, तेव्हा पुण्यात भाड्याच्या जागा..." असे सुरू केले की पोरे उठून गेलीच म्हणून समजा. आपण हसावे. आजोबा इतके का हसतात, हे पोराला कळले नाही की ते आपणहून विचारते. विचारेल तेव्हा सांगावे, तेही मराठीत आणि थोडक्यात.

बालवाचकांसाठी गृहपाठ : येत्या शनिवारी शाब्बात सुटल्यावर आजी-आजोबांना त्यांचा आवडता पिक्चर लावायला सांगा. त्यातले तुम्हाला आवडलेले एक वाक्य पाठ करा आणि आठवडाभर घरात योग्य जागी वापरा. मग ते आम्हाला लिहून पाठवा. अक्षरे हिब्रू असली तरी चालतील, भाषा मात्र मराठी हवी. आलेली वाक्ये पुढच्या अंकात छापू, आणि पिक्चरचे नाव छापणार नाही. ते आजी-आजोबांनी ओळखायचे.

आणि मधुमेहाचे औषध मागणारी पत्रे मात्र कृपया पाठवू नयेत. सत्तर रुपये परत मिळणार नाहीत!